गॅसवाल्या भाऊंचं नाक

गॅसवाल्या भाऊंना तीन महिन्यांपासून कसलाच वास येत नव्हता आणि हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. एक ताप आला, जाताना नाक घेऊन गेला. आता ज्याच्या नाकावर तीस वर्षं घर चाललं, त्याने हे सांगायचं तरी कुणाला? शेगडी दुरुस्तीला बोलावणारी गिऱ्हाईकं कौतुकाने म्हणायची, भाऊ दारातूनच ओळखतात गॅस कुठून गळतोय ते. मग भाऊंनी पिशवीत साबणाच्या पाण्याची डबी ठेवायला सुरुवात केली. नळीच्या सांध्याला फेस लावायचा, बुडबुडे फुगले की गळती. कुणी विचारलंच तर म्हणायचं, साफ करतोय.

त्या दिवशी निवृत्त मास्तरीणबाईंकडे काम निघालं. त्यांच्या शेगडीची टिकटिक काही केल्या थांबेना. बर्नर पेटला तरी टिकटिक, बंद केला तरी टिकटिक.

"बाई, शेगडी धुतलीत का?"

"हो! चांगलं तांब्याभर पाणी ओतून."

"अहो, तिला कुणी आंघोळ घालतं का!"

बटणाखालच्या स्विचमध्ये पाणी शिरलं होतं. भाऊंनी मागच्या नळीचा नट सोडवला, शेगडी उलटी केली आणि केस वाळवायच्या मशिनने स्विच कोरडा केला. बर्नरशेजारच्या ज्या पांढऱ्या कांडीतून ठिणगी पडते, तिच्या टोकावर उतू गेलेलं दूध करपून बसलं होतं, ते जुन्या टूथब्रशने घासलं. नळी जोडली, बटण फिरवलं. एकच टिक आणि भप्पकन निळी ज्योत! बाई खूश, भाऊही खूश. ते वाकले, नळीपाशी नाक नेलं, दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "ठीक आहे."

तीस वर्षांची सवय हो, दुसरं काय! हात धुऊन निघालेसुद्धा.

बसथांब्यावर शेजारच्या माणसाने नाकाला रुमाल लावला. "गटार फुटलंय वाटतं. तुम्हाला सहन तरी कसं होतंय?"

भाऊंचा हात पिशवीत गेला. फेस! फेस लावलाच नव्हता. डबी पिशवीच्या तळाशी तशीच पडलेली.

त्यांनी फोन लावला. बाई उचलेनात. परत लावला, परत तेच. 'गाढवा, कशाने हुंगलंस रे?' स्वतःलाच शिव्या घालत भाऊ धावत सुटले. ठिणगी पडत नसती तर एक वेळ परवडलं असतं. ती आता पहिल्या झटक्यात पडत होती, आणि तीही यांच्याच कृपेने! बाईंची चहाची वेळ होत आली होती. भाऊंच्या तोंडाला कोरड पडली, पोटऱ्या भरून आल्या, पण थांबायची हिंमत होईना.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाई ओट्यापाशी उभ्या, एका हातात पातेलं, दुसरा हात बटणाकडे निघालेला.

"हात लावू नका!"

भाऊ असे ओरडले की बाईंच्या हातातलं पातेलंच पडलं. त्यांनी बाईंना बाहेर जिन्यात पिटाळलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. मग नटाला पाना लावला. नट चांगला पाऊण फेरा फिरला. पाऊण फेरा! भाऊ जिन्यात येऊन पायरीवर बसले.

"मला वास येत होता हो मघापासून," बाई म्हणाल्या. "पण म्हटलं, तुम्ही स्वतः हुंगून ठीक आहे म्हणालात. माझंच नाक म्हातारं झालं असेल."

हे ऐकल्यावर भाऊंना राहवेना. "बाई, मला वासच येत नाही. तीन महिने झाले."

बाई एकदम म्हणाल्या, "आणि माझी नणंद? गेल्या महिन्यात तिची शेगडी तुम्हीच केलीत ना?"

"तिथे फेस लावला होता," भाऊ म्हणाले. "म्हणजे... लावला असणार."

त्यांनी खूप ताण दिला डोक्याला. नणंदेच्या ओट्यापाशी आपण वाकलो होतो, एवढं स्पष्ट आठवत होतं. डबी उघडल्याचं आठवेना. आणि त्याच्या आधीचं घर? त्याच्याही आधीचं? त्यांनी कामाची वही काढली. तीन महिन्यांत एकेचाळीस घरं. कुठे फेस लावला, कुठे नुसतं हुंगलं, देव जाणे.

बाईंनी वही ओढून घेतली. "तुम्ही तुमच्या फोनवरून यादीत खालून लावा, मी वरून लावते. आधी रेग्युलेटर बंद करायला सांगा, बाकीचं मागाहून."

आवाज बंद राहिलेला आपला फोन काढून बाईंनी आधी नणंदेला लावला. घंटी वाजत राहिली. बाईंनी दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरला.

"उचल गं," त्या म्हणाल्या, "उचल ना."