परत येण्याचं कारण

माझ्याकडे परत येण्याचं कारण काय आहे, हे मला एका पानात लिहून द्यायचं होतं.

व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांची यादी मोठी होती, पण बाकीचं सगळं कुठून ना कुठून जमत होतं. विद्यापीठाचं पत्र आलं होतं, शिष्यवृत्तीचं आलं होतं. फोटो दोनदा काढला, कारण पहिल्यात कान झाकले गेले होते. हे एक पान तेवढं राहिलं होतं.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. जिंतूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचे. म्हणजे जितके तास घ्याल तितक्यांचाच मोबदला, मार्चमध्ये नेमणूक संपणार, आणि पावसाळ्यात पुन्हा मुलाखत देऊन त्याच वर्गात उभं राहायचं. अशी नऊ वर्षं गेली होती. लग्न झालं नव्हतं. वडील गेल्यावर आईला मी गावाकडून माझ्याजवळ आणलं होतं. बसस्थानकामागे दोन खोल्यांत आम्ही दोघी राहायचो.

सुट्टीच्या दिवशी मी विद्यार्थ्यांना घेऊन चारठाण्याच्या बाजूला जुन्या बारवा, पायऱ्यांच्या दगडी विहिरी, मोजायला जायचे. कुठल्या पायरीचा दगड सुटलाय, कुठं भिंतीला पोट आलंय, कुठं कुणी ऑइलपेंट फासलाय, असं वहीत टिपून ठेवायचे. ती मोजमापं आणि फोटो मी युरोपातल्या एका विद्यापीठाला पाठवले. तिथं जुन्या दगडी बांधकामांची निगा कशी राखावी, याचा दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. त्यांनी मला घेतलं. विमानाची, राहण्या-जेवणाची सोय तेच करणार होते. पत्र आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की ते होणार नाही, असं काहीतरी मनात आलं.

परभणीत स्टेशनजवळ फॉर्म भरून देणारे एक गृहस्थ होते. हज-उमराला जाणाऱ्यांची कागदपत्रं बघण्यात त्यांची हयात गेली होती. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागले.

"मॅडम, शिकायला चाललात हे दाखवणं सोपं हाय," ते म्हणाले. "वापस येणार, हे दाखवणं मुश्किल. ते लोक तेवढंच बघतेत. नोकरी पर्मनंट हाय का?"

"नाही."

"शादी?"

"नाही झाली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जमीन तर असंल नावावर. वडिलांची?"

"वडिलांची होती. आता भावाच्या नावावर आहे. मी हक्क सोडून दिला."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. आमच्याकडे यात विचारण्यासारखं काही नसतं. वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यावर दादानं मला निबंधकाच्या कचेरीत बोलावलं, मी अंगठा दिला, सही केली, बाहेर आले. बहिणीनं हिस्सा घेतला की माहेर तुटतं, हे लहानपणापासून ऐकत आले होते, आणि मला माहेर हवं होतं. त्या दिवशी वहिनीनं मला साडी नेसवली, पुरणपोळी केली. तेव्हा वाईट वाटल्याचं आठवत नाही.

"मग प्रिन्सिपॉल साहेबांचं लेटर आणा," चाचा म्हणाले. "रजा मंजूर, वापस आल्यावर कामावर घेऊ, एवढं लिहून आणा. आन भावाकडून काही होतं का तेबी बघा."

प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, अभिनंदन केलं, मग माझा अर्ज दोनदा वाचला.

"मॅडम, रजा कुणाला देतात? जो नोकरीत आहे त्याला. तुमची नेमणूक मार्चअखेर संपते. तुम्ही जाणार एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये तुम्ही आमच्या कुणीच नसता."

"नऊ वर्षं शिकवतेय सर, एवढं तरी लिहा."

"ते लिहितो. पण पुढं घेऊ असं लिहिलं, आणि उद्या तुम्ही तेच पत्र घेऊन कोर्टात गेलात, तर संस्था मला विचारेल."

त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. यांनी वेळोवेळी तासिका तत्त्वावर अध्यापन केले, वर्तणूक चांगली आहे. खाली गोल शिक्का मारला.

रविवारी गावाकडं गेले. हरभरा घाट्यात आला होता. दादा ओसरीवर बसून घाटे सोलत होता, त्यातले मूठभर त्यानं माझ्या हातात दिले. मी वाटेत एसटीत जे घोकून आले होते ते एका दमात सांगितलं. एक एकर माझ्या नावावर करून दे. बक्षीसपत्र करता येतं. आले की दुसऱ्या दिवशी परत लिहून देते.

दादाचे हात थांबले नाहीत. "आन न्हाई आलीस तर?"

"दहा आठवड्यांचं आहे दादा. शिकायचं आणि यायचं."

"तू म्हनायलीस ते खरं असंल. पर लोक जातेत आन तिकडंच राहतेत. मग त्या एकराचं मी काय करू?" पुढचा घाटा उचलत तो म्हणाला, "तुझ्यावर इश्वास न्हाई असं न्हाई. लेकरांचं बघावं लागतं."

वहिनी चहा ठेवून आत गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

"मग आईचं तरी लिहून दे," मी म्हटलं. "ती माझ्याजवळ असते, तिला बघणारी मीच आहे, असं."

"ते देतो की. उद्याच येतो."

आणि खरंच आला. कामाचा दिवस मोडून जिंतूरला आला, वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं, आईला केळी दिली आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. पण ते प्रतिज्ञापत्र चाचांनी बाकीच्या कागदांशेजारी ठेवलं आणि मान हलवली. आईचं नाव दादाच्या रेशनकार्डावर होतं. आधारवरही गावचाच पत्ता. तो बदलून घ्यावा, असं आम्हा कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

"कागदावर आई भावाकडं राहते मॅडम," चाचा म्हणाले. "तुमच्याकडं कुणीच राहत न्हाई."

दादाचा मला राग आला नाही, असं मी पुढं बरेच दिवस सांगत राहिले. आला होता. पण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं, हेही कळत होतं, आणि त्यामुळं त्या रागाचं काही करता येत नव्हतं.

ते पान मी चार-पाच वेळा लिहिलं. आधी आईबद्दल लिहिलं. मग एकदा बारवांबद्दल लिहिलं. शिकून आल्यावर कुठली भिंत आधी सावरायची, कुठल्या पायऱ्या उतरवून पुन्हा बसवायच्या, असं सविस्तर. ते मला बरं वाटलं होतं. चाचांनी वाचून बाजूला ठेवलं. "दगडासाठी कोण वापस येतं मॅडम? घरचं लिहा." मग पुन्हा घरचं लिहिलं. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की माझी वाट बघणाऱ्यांची नावं काढायला बसले, तर आईनंतर दुसरं नाव सुचत नाही. मी उगीच 'कुटुंबीय' असा शब्द घातला आणि पान संपवलं.

कागद द्यायला पुण्याला जावं लागलं. आदल्या दिवशी आतेबहिणीकडं उतरले. तिच्या आरशासमोर उभी राहून मी इंग्रजीत उत्तरं म्हणून बघितली. का जाताय, कधी येणार, आल्यावर काय करणार. सकाळी व्हिसा केंद्रात गेले. काचेपलीकडच्या मुलीनं कागद यादीप्रमाणं लावले, माझी बोटं यंत्रावर ठेवून घेतली, पावती दिली.

"झालं मॅडम."

"मुलाखत?"

"इथं नसते. कागद पुढं जातात."

"मला थोडं सांगायचं होतं."

"जे असेल ते लेखी द्यायचं असतं. दिलंय ना?"

"दिलंय," मी म्हटलं आणि उठले, कारण मागं रांग होती.

वीसेक दिवसांनी, वर्ग चालू असताना कुरिअरवाल्याचा फोन आला. गेटवर जाऊन सही केली आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन पाकीट फोडलं. पासपोर्ट कोराच होता. सोबत एक छापील पान, त्यावर नकाराची कारणं एकाखाली एक, प्रत्येकापुढं चौकोन. त्यातल्या एका चौकोनात खूण होती. मुदत संपल्यावर अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही, अशा अर्थाचं ते कारण होतं. मी पान उलटं करून बघितलं. कुणाच्या हातानं लिहिलेला एखादा शब्द असेल असं वाटलं होतं. नव्हता. वर्गात परत जाऊन राहिलेली पंधरा मिनिटं शिकवलं.

घरी आई मेथी निवडत बसली होती. "आलं का तुझं?"

"आलं. नाही म्हणाले."

"कामून?"

"त्यांना वाटतंय मी परत येणार नाही."

आईनं दोन-तीन काड्या निवडल्या. "आन तू आली असतीस?"

"आले असते. तू आहेस ना इथं."

"मी तर रोज देवापुढं म्हनत होते, एकदा गेली की हिला वापस येऊ देऊ नको म्हनून." ती खाली बघूनच बोलत होती. "हितं काय हाय तुला?"

मी तिच्याजवळ बसले आणि मेथीची जुडी पुढं ओढली. आम्ही दोघींनी ती सगळी निवडून संपवली.

फेरविचारासाठी अर्ज करता येत होता. चाचांना विचारलं. "करता येतो," ते म्हणाले, "पर नवीन काय देणार? नोकरी तीच, घर तेच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणखी एक सांगतो. पुढं कुठल्याबी देशाचा फॉर्म भरला तर विचारतेत, आधी नकार मिळाला का. तिथं आता हो लिहावं लागंल. खोटं लिहू नका."

विद्यापीठाला कळवलं. त्यांचं उत्तर चांगलं आलं, वाईट वाटल्याचं लिहिलं होतं. जागा पुढच्या वर्षासाठी राखता येणार नाही, असंही होतं. गल्लीतल्या बायकांना बातमी कशी कोण जाणे लागली होती. कधी जायचंय, असं त्या विचारायच्या. मी तारीख पुढं गेली म्हणायचे. एकदा आईनंच सांगून टाकलं, मग कुणी विचारलं नाही.

जुलैत मुलाखतीला गेले. प्राचार्य मला बघून जरा गडबडले. मी परदेशात गेले ती आता परत येणार नाही असं धरून त्यांनी माझे निम्मे तास परभणीच्या एका मुलाला देऊन ठेवले होते.

"तुम्ही कळवायचं तरी," ते म्हणाले.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळचे दोन-दोन तास उरले होते. मी ते घेतले.