ठणका की चमक

पुसदच्या आमच्या बॉक्सिंग हॉलमधली बॅग सरांनी चिंध्या आणि सरकी भरून स्वतःच शिवली होती. महिनाभरात सरकी खाली बसायची आणि बॅगेचं बूड दगडासारखं व्हायचं. नवी आलेली प्रत्येक पोरगी हौसेनं नेमका तिथंच ठोसा मारायची. मीही मारला आणि मनगट धरून खाली बसले.

"कसं दुखून राह्यलं?" सरांनी विचारलं.

"खूप."

"किती ते नाही इचारलं. कसं, ते सांग."

त्यांच्या लेखी दुखणं तीनच प्रकारचं होतं. कातडीची आग, मांसातला ठणका आणि हाडातली चमक. आग आणि ठणका घेऊन खेळायचं, चमक आली की ग्लोव्हज काढायचे. मला हे सगळं थोतांड वाटायचं. दुखतं ते दुखतं, त्याला नावं कसली ठेवायची?

जिल्ह्याच्या निवडीला चार दिवस असताना माझ्या अंगठ्यात चमक निघाली. निवड हातची जाईल म्हणून मी सरांना ठणका सांगितला. त्यांनी विश्वासानं पट्टी बांधली. पहिल्याच लढतीत हाड मोडलं आणि वर्ष वाया गेलं. सरांनीच मला दवाखान्यात नेऊन प्लास्टर घालून आणलं. त्याची मला फार लाज वाटली.

प्लास्टर असतानाही मी रोज हॉलवर जायचे. डाव्या हातानं बॅगेवर मारायचे आणि प्रत्येक दुखणं नीट ओळखून मगच नाव द्यायचे. चुकले तर स्वतःवरच चिडायचे.

पुढच्या वर्षी निवडीच्या शेवटच्या लढतीत दुसऱ्या फेरीला बरगडीत ठोसा बसला. स्टुलावर टेकले तेव्हा श्वास धड घेता येत नव्हता. सरांच्या हातात टॉवेल होता. तो रिंगमध्ये पडला की लढत संपली आणि माझं हेही वर्ष गेलं.

"कसं?"

मी सावकाश श्वास आत ओढला. बरगडीभर तपासून पाहिलं. चमक कुठंच नव्हती.

"ठणका."

सर माझ्याकडे बघत राहिले. गेल्या वर्षीही मी हाच शब्द सांगितला होता.

"सर, या खेपेस खरं सांगून राह्यली."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि माऊथगार्ड माझ्या तोंडात दिलं. "मंग जाय."

बरगडी ठणकत होती. मी तिला घेऊनच उठले.