डगमगायला दहा फूट

आमच्या नगरपंचायतीच्या बगिच्याचा पहिला नकाशा नागपूरहून गुंडाळी होऊन आला. त्यात मधोमध कारंजं होतं, एका कोपऱ्यात सेल्फी पॉइंट होता आणि चार फूट रुंदीचा, पेव्हर ब्लॉकचा, वळणावळणाचा रस्ता होता. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. कारंज्यात पाणी कुठून आणायचं, हे नकाशात लिहिलेलं नव्हतं.

मी तिथे लिपिक आहे. आवक-जावक, ठराव, सभेचं इतिवृत्त हे माझं काम. बगीचा कसा असावा हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते. पण मुख्याधिकारी नवे होते, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. नकाशा पाहून ते म्हणाले, आधी लोकांना विचारू, मग कारंज्याचं बघू. दुसऱ्या दिवसापासून कचरा नेणाऱ्या घंटागाडीवर दोन गाण्यांच्या मधे सूचना वाजू लागली. बाजारामागच्या मोकळ्या जागेवर बगीचा होणार, नागरिकांनी रविवारी सभागृहात येऊन आपलं म्हणणं मांडावं.

रविवारी वीसेक जण आले, सगळे पुरुष. तरुणांना ओपन जिम हवी होती, म्हाताऱ्यांना बाकं. एका आजोबांनी बसून पेपर वाचता येईल अशी शेड मागितली. सभा संपल्यावर साहेबांनी मला विचारलं, बाया कुठे आहेत? मी सांगितलं की धानाची रोवणी सुरू आहे, बाया बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात आहेत. ते म्हणाले, मग तुम्ही बांधीवर जा.

म्हणून मी फॉर्मचा गठ्ठा पिशवीत घालून गेले. नवऱ्याने मोटरसायकलवरून डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं. पुढे चपला हातात घेऊन धुऱ्यावरून, दोन बांध्यांमधल्या मातीच्या वरंब्यावरून, चालत गेले. पंधरा-सोळा बाया ओळीने वाकून धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, चिखलात लावत होत्या. कोणाचा हात थांबेना, तेव्हा मी धुऱ्यावर उभी राहूनच पहिला प्रश्न मोठ्याने वाचला: आपण फावल्या वेळात कोणती करमणूक करता?

ओळीतून हसण्याची एक लाट गेली. कोणीतरी न वळताच विचारलं, "फावला वेळ म्हंजे कोनता वो बाई?"

मलाही हसू आलं. मी फॉर्म पिशवीत परत ठेवला. जेवणाच्या सुट्टीत त्या धुऱ्यावर डबे उघडून बसल्या, तेव्हा मी त्यांच्यात बसले आणि साधंच विचारलं. ती जागा तुमचीच आहे असं धरा, तर तिथे जाऊन काय कराल? एकीने आतून कडी लागेल असा संडास मागितला. एकीला नुसतं बसायचं होतं, पण कोणी 'काहून बसली' असं विचारणार नाही अशा जागी. मग त्यांच्यातली सगळ्यात मोठी मावशी, पाटाच्या पाण्यात हात धूत होती, ती म्हणाली, "मले सायकल शिकाची आहे."

ही मावशी पंचावन्नच्या पुढची. मासेमारी करणाऱ्या घरातली. तिचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. लहानपणी वैनगंगेत ती एकटी डोंगा, म्हणजे लहान नाव, हाकायची.

"डोंगा येते मले," ती म्हणाली. "सायकल नाई येत. रस्त्यावर शिकाले गेली तं रेतीचा टिप्पर येते, अन् गल्लीत शिकाले गेली तं लोक येतात पाहाले."

यावर कोणी हसलं नाही. शेजारची म्हणाली, मलाही लिहा. मग तिच्या पलीकडची. त्या आठवड्यात मी आणखी चार-पाच बांध्यांवर गेले, आणि एका रविवारी बुद्धविहारात वंदनेनंतर थांबलेल्या बायांना विचारलं. प्रत्येक ठिकाणी मी मुद्दाम सायकलचा विषय काढत नव्हते, पण कोणीतरी तो काढायचंच. फॉर्म संपले तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहून घेतलं.

दुसऱ्या सभेत हे सगळं वाचून दाखवलं. आमचे अभियंता सरळ माणूस, पण नकाशावरची रेघ हलवायची म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. ते म्हणाले, रस्ता चालण्यासाठी आहे, सायकलींनी ब्लॉक उखडतील, आणि सायकलसाठी बाहेर रस्ता आहेच. एका सदस्याने पुस्ती जोडली की या वयात हातपाय मोडले तर जबाबदारी कोणाची. साहेबांनी एकदम माझ्याकडे वळून विचारलं, तुमचं काय मत? इतक्या वर्षांत मी सभेत दुसऱ्यांची मतं लिहीत आले होते. मी पेन खाली ठेवलं.

"साहेब, मलाही सायकल येत नाही," मी म्हटलं. "पडायची भीती वाटत नाही. पडताना कोणी पाहील, याची वाटते."

मग मी सांगितलं की आमची शाळा हायवेच्या पलीकडे होती. आईने भावाला सायकल घेऊ दिली, मला नाही. पुढे लग्न झालं, नोकरी लागली आणि आता काय शिकायचं, असं वाटायला लागलं. अभियंत्यांनी मग एक रास्त प्रश्न काढला. शिकणारा माणूस सरळ जात नाही, मग रस्ता नेमका किती रुंद ठेवायचा? हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. साहेब म्हणाले, ज्यांना शिकायचंय त्यांनाच विचारा.

रोवणी आटोपल्यावर एका सकाळी आम्ही त्या जागेवर जमलो. पावसाने उघडीप दिली होती आणि जमीन ओलसर होती. आमच्या गावच्या निवृत्त नर्सबाई स्वतःची सायकल घेऊन आल्या. सगळी नोकरी त्यांनी याच सायकलवर गावोगाव पोलिओचे डोस देत काढली. अभियंत्यांनी चुन्याच्या दोन रेघा मारल्या, मधे बरोबर चार फूट. मावशीने पदर कमरेला खोचला आणि सीटवर बसली. नर्सबाईंनी मागून कॅरियर धरलं.

दोन पायडल मारले नाहीत, तोच मावशी डावी रेघ ओलांडून गेली. सावरली, ती थेट उजव्या रेघेच्या पार. अभियंता टेप घेऊन मागे धावत होते, नर्सबाई "समोर पाहा, समोर" म्हणत धावत होत्या आणि बाकीच्या बाया पोट धरून हसत होत्या. मावशीही हसत होती, त्यामुळे आणखीच डगमगत होती. शेवटी ती एका मातीच्या ढिगावर जाऊन थांबली. ओल्या जमिनीवर चाकाची नागमोडी खूण उमटली होती. अभियंता गुडघ्यावर बसले, या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप लावला आणि दोनदा मोजलं. सव्वानऊ फूट.

"दहा धरू," ते म्हणाले. मग आपणहून पुढे बोलले, "अन् ब्लॉक नको. पडल्यावर लागतील. मुरूम टाकू."

त्या दिवसापासून तो रस्ता त्यांचा झाला. पुढच्या सभांमध्ये त्यासाठी माझ्यापेक्षा तेच जास्त भांडले. कारंजं गेलं. त्या जागी मधलं मैदान मोकळं राहिलं, संध्याकाळी पोरांच्या क्रिकेटसाठी आणि हिवाळ्यात दंडारीच्या नाटकांसाठी. कडेने मेंदीचं कुंपण ठरलं. आतून कडीचा संडास नकाशात आला. सकाळी आठपर्यंत जागा फक्त बायांची, यावर मात्र सकाळी फिरणारे पुरुष कुरकुरले. तो वाद पेपरवाल्या आजोबांनीच मिटवला. पेपर गावात आठनंतरच येतो, ते म्हणाले, त्याआधी आपण तिथे जाऊन करणार काय?

धान कापून झालं तोवर मुरूम दाबून तयार होता. पहिल्या सकाळी धुकं होतं. मी नवऱ्याला कामाचं काहीतरी सांगून निघाले, आणि फाटकाशी पोचते तर तिथे वीस-बावीस बाया आणि सात सायकली. कोणी मुलीची शाळेची सायकल आणली होती, कोणी दिराची. नर्सबाईंनी आम्हाला रांगेत उभं केलं, जणू डोसच पाजायचे आहेत.

मी पहिल्याच दिवशी मेंदीत पडले. दुसऱ्या दिवशी मावशीच्या सायकलवर जाऊन आदळले आणि आम्ही दोघी मुरुमात बसून राहिलो. तिचं एव्हाना जमलं होतं. तिने माझा हात धरून उठवलं.

"तू चाकाकडं पाहून रायली," ती म्हणाली. "डोंग्यात बसल्यावर पाण्याकडं पाह्यलं तं चक्करच येते. काठाकडं पाहाव माणसानं."

मी पलीकडच्या कडुनिंबाकडे पाहिलं आणि पायडल मारला. मागून नर्सबाईंच्या पावलांचा आवाज येत होता. मग तो येईनासा झाला. कडुनिंब जवळ आला, मी हँडल वळवलं, सायकल वळली. मुरुमाची करकर, कानाशी थंड वारा, आणि मी पूर्ण फेरी मारून परत सगळ्यांसमोर आले. मला थांबता येत नव्हतं, म्हणून आणखी एक फेरी मारली. तिसऱ्या फेरीला नर्सबाईंनी ब्रेक कुठे आहे ते ओरडून सांगितलं.

घरी गेले तेव्हा साडी मुरुमाने लाल झाली होती. नवऱ्याने पाहिलं, काय झालं विचारलं, आणि मी सांगितल्यावर कोपऱ्यातल्या जुन्या सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायला बसला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही सहा जणी सायकलींवर सानगडी गावच्या बाजाराला गेलो. मावशी सगळ्यात पुढे होती. एसटी मागून आली, ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता गाडी हळू केली आणि लांबून वळसा घालून पुढे काढली. बाजारात आम्ही गरम भजी खाल्ली, वांगी-टमाटर घेतले, मावशीने नातीसाठी बांगड्या घेतल्या. परतताना वारा समोरून होता. कोणाला घाई नव्हती. एका आंब्याखाली थांबून पाणी प्यालो, आणि मावशीने पिशवीतून उरलेली भजी काढून सगळ्यांना वाटली.