फाळक्यावरचे मार्क

२१ जून १९९७, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. नांदेडला आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत, अप्पांच्या सोळा वर्षे जुन्या ट्रकच्या डाव्या दारावर मी तारेचा ब्रश पहिल्यांदा फिरवला. बारावीचा निकाल लागला होता. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून मला तीनशेपैकी दोनशे सत्त्याऐंशी मार्क पडले होते आणि मेडिकलचा प्रवेश त्या काळी याच तीन विषयांवर ठरत असे. यादीची वाट पाहण्याखेरीज मला काम नव्हते. ट्रकला मात्र वेळ नव्हता. महिनाअखेर त्याचे पासिंग संपत होते, आणि गंजून भोके पडलेली गाडी आरटीओ पास करणार नव्हता. पासिंग नाही तर सिमेंटची वाहतूक नाही. आमचे घर त्या वाहतुकीवरच चालत होते.

ट्रकची ही दशा त्र्याण्णवच्या भूकंपानंतर झाली. अप्पा औशाच्या पलीकडच्या पडलेल्या गावांतून घरांचे दगड उपसून नेत असत. पहिला महिना त्यांनी भाडे घेतले नाही. डिझेलही पदरचेच घातले. त्या काळ्या दगडांनी हौदा आतून ठेचून निघाला, पत्र्याला पोचे पडले, पोच्यांत पाणी साचले आणि पाण्यामागून गंज आला. पुढे नव्या वसाहतींसाठी सिमेंटच्या फेऱ्या मिळू लागल्या आणि गाडी उभी ठेवून दुरुस्त करायला सवडच उरली नाही. मदत करणाऱ्यांचे ठिकठिकाणी सत्कार झाले. अप्पांना कोणी बोलावले नाही. ते याविषयी कधी बोलत नसत, म्हणून ते विसरले आहेत असे मी गृहीत धरले होते.

काम सुरू होण्याच्या चारच दिवस आधी लातूरचे एक क्लासवाले सर पेढे घेऊन घरी आले होते. मराठवाडाभरातून मुले लातुरात खोल्या घेऊन राहत होती आणि सरांना आता नांदेडला शाखा काढायची होती. शाखेसाठी जागा मिळाली होती, काळे फळे मिळाले होते. नांदेडची एखादी गुणवंत मुलगी तेवढी मिळत नव्हती.

"अप्पा, गाडी मी रंगवून देतो. एकदम नवी नवरी," सर म्हणाले. "फक्त मागच्या फाळक्यावर पोरीचं नाव, मार्क अन् खाली आमचा क्लास."

"सर, मी तुमच्या क्लासचं दारसुद्धा पाहिलेलं नाही," मी म्हणाले.

सरांनी पिशवीतून नोट्सचा गठ्ठा काढला आणि माझ्या हातात ठेवला. "घे. आता आमच्या नोट्स तुझ्याकडं हायत का न्हाईत? मग खोटं काय राह्यलं?"

मी गठ्ठा पेढ्यांच्या पुड्यावर ठेवून परत केला. दोन वर्षे मी कॉलेजच्या ग्रंथालयातली पुस्तके आणि जुन्या प्रश्नपत्रिका एवढ्यावरच अभ्यास केला होता. त्या आकड्यात दुसऱ्या कोणाचाही हात नव्हता, आणि तो तसाच राहावा एवढेच मला हवे होते. सर गेल्यावर मी अप्पांना म्हणाले, "घासण्यापासून अस्तरापर्यंत सगळं मी करते. मजुरी वाचेल. तुम्ही फक्त रंग आणा. पण माझे मार्क त्यांना द्यायचे नाहीत." अप्पांनी मान हलवली.

शेवटचा हात देण्यासाठी गल्लीतले पेंटरचाचा येणार होते. ते रोज खुर्ची टाकून बसत आणि माझी थट्टा करत.

"बेटी, किती घासून राहिली? पत्रा पलीकडून दिसायला लागला. लोकं रंग बघतेत. रंगाच्या पोटात काय हाय, कोण बघतंय?"

"मी बघते."

"तू डॉक्टर झाली तर पेशंटचं कातडं सोलून ठेवशील."

चाचांचा आग्रह होता की पत्रा फडक्याने पुसावा आणि लगेच रंगाखालचे अस्तर द्यावे. दाराच्या एका कोपऱ्यावर मी त्यांना तसे करू दिले. अस्तर वाळल्यावर ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून शंभर बारीक चौकोन पाडले, त्यांवर चिकटपट्टी घट्ट दाबली आणि एका झटक्यात ओढली. तेवीस चौकोन पट्टीला चिकटून आले. सोळा वर्षांच्या डिझेलचा तेलकट थर कोरड्या फडक्याने निघत नाही. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने मात्र तो सुटा होऊन पाण्याबरोबर वाहून जातो. मी सगळा ट्रक तसा धुतला. जूनच्या दमट हवेत उघडा पत्रा संध्याकाळपर्यंत तांबूस पडायचा, म्हणून सकाळी जेवढा घासायचा तेवढ्यालाच दुपारी अस्तर द्यायचे असा क्रम ठरवला. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा एकच चौकोन सुटला. चाचांनी पट्टी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "हा एक माझ्या नावावर लाव."

पुट्टी आणि अस्तरातच जवळचे पैसे संपले. ट्रक विटकरी अस्तर पांघरून उभा राहिला आणि पासिंगला पाच दिवस उरले. अप्पा सकाळच्या एसटीने लातूरला गेले आणि संध्याकाळी निळ्या रंगाचे डबे घेऊन परतले. वळखीच्या दुकानदाराने उधारीवर दिले म्हणाले. मी आणि चाचांनी दोन बाजूंनी ब्रश धरले. अप्पा मध्येच येऊन मला म्हणाले, "फाळक्याला जास्तीचा हात मार, माय. मागच्या गाडीवाल्याची नजर तिथंच असती." फाळका लोखंडी होता. मी त्याला तीन हात दिले आणि प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर फिरवला. चाचांनी केबिनवर देवाचे नाव घातले आणि फाळक्यावर काय लिहायचे म्हणून विचारले. अप्पा म्हणाले, "कोरा राहू द्या."

तीस जूनला गाडी पास झाली. कोऱ्या फाळक्याकडे पाहून मला वाटले, अप्पांनी माझे ऐकले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रक लातूरहून परतला आणि उलटा घेत दारासमोर लागला. निळ्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत माझे नाव होते. त्याखाली २८७/३००. त्याखाली 'आमची विद्यार्थिनी'. आणि सर्वांत खाली, माझ्या नावाहून मोठ्या अक्षरांत, क्लासचे नाव.

"अप्पा, हे कुणाला विचारून?"

"रंग उधारीचा नव्हता, माय."

"म्हणजे माझे मार्क विकले."

"तुझे मार्क कमी झाले का? हायेत तेवढेच हायेत." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या नावावरची धूळ पुसली. "भूकंपात महिनाभर गाडी फुकट घातली. कुणी आपलं नाव कुठं लिहिलं का? आता पार सोलापूरपर्यंत लोक वाचून राहिलेत."

मी उरलेला पॉलिश पेपर आणला. ते फाळक्याला पाठ लावून उभे राहिले.

"ठेव खाली. सरांला शब्द दिलाय."

"मलाही दिला होता."

"तुझ्यापुढं मान हलवली होती."

मेडिकलला प्रवेश मिळाला आणि मी नांदेडच्याच हॉस्टेलवर राहायला गेले. घरी जाणे कमी केले. तिसऱ्या वर्षी वॉर्डात नर्सिंग शिकणारी भोकरची एक मुलगी माझे नाव ऐकून थबकली.

"ताई, ट्रकवाल्या तुम्हीच का? माझ्या वडिलांनी भोकर फाट्यावर वाचलं अन् मला त्याच क्लासात घातलं. आईचं सोनं मोडून दोन वर्षं लातुरात खोली केली. माझं मेडिकल काही झालं न्हाई. सर म्हणायचे, तीच शिकवण, तोच बाक. तिला जमलं, तुला का जमत न्हाई?"

"कोणता बाक?"

"तुमचा! खिडकीजवळचा. परीक्षेच्या दिवसांत तिथं बसायला भांडणं व्हायची."

"मी त्या क्लासला एक दिवसही गेलेली नाही," मी तिला म्हणाले.

ती हसली. "असं कसं, ताई? लिहिलेलं हाय की." आणि पुढच्या खाटेकडे गेली.

ट्रक पुढे दोनदा विकला गेला. निकालानंतर नऊ वर्षांनी तो मला नांदेडच्या भंगार बाजारात दिसला. इंजिन काढून नेले होते, काचा नव्हत्या, चाचांचे देवाचे नावही केबिनवरून उडाले होते. फाळका मात्र निळा होता. पर्समध्ये ड्रेसिंगची चिकटपट्टी होती. भंगारवाल्याकडून ब्लेड मागून घेतले. 'आमची विद्यार्थिनी' या अक्षरांवर शंभर चौकोन पाडले, पट्टी अंगठ्याने दाबून बसवली आणि एका झटक्यात ओढली. मग पट्टी उलटी करून चौकोन मोजले.

सुटलेले चौकोन : शून्य.