तीन प्रती, संगणकावर छापलेल्या

हे गुपित मी आजवर काळजाच्या तळाशी जपलं — असं म्हणायला भारदस्त वाटतं. खरं म्हणजे कुणी विचारलंच नाही. सरकारी नोकरीत चूक लपवावी लागत नाही. फाइलीत नीट लावली की आपोआप दिसेनाशी होते.

दोन हजारनंतरची गोष्ट. जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या गिरण्यांच्या मधोमध, एक काचेचं कॉल सेंटर उभं राहिलं होतं. नांगरटीला कुणी सूट घालून यावं, तसं. सरकारनं त्याला नाममात्र भावात जमीन दिली, गेटपर्यंत डांबरी रस्ता दिला, वेगळी वीजवाहिनी दिली. सगळा जिल्हा लोडशेडिंगमध्ये घाम पुसत बसायचा, तेवढी ती इमारत उजेडात. बदल्यात एक अट — मुदतीआधी सेंटर हलवायचं तर परवानगी घ्या, आणि एकही लेखी हरकत आली तर कामगारांची सुनावणी होईल. अट चांगलीच होती. फक्त ती उद्योग खात्याच्या जिल्हा कार्यालयात, माझ्या आवक-टेबलावरून जात होती.

तीन वर्षांत कंपनीला पुण्याची ओढ लागली. हरकतींचा शेवटचा दिवस शुक्रवार. सकाळी साहेब म्हणाले, "सोमवारी फाइल मुंबईला. स्वच्छ हवी." हरकत दाबा असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले होते, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

पावणेदोनला रेखा आली. हसनाबादची, त्या सेंटरात फोन घेणारी. वहीच्या पानांवर अर्ज, खाली चाळीसेक मुलींच्या सह्या. "पुण्याला घरचे पाठवत न्हाईत, काका. निदान आमचं ऐकून तर घ्या." अर्ज मी वाचला. त्यात लिहिलं होतं: जमीन, रस्ता, वीज हे सगळं आमच्या नोकऱ्यांच्या नावानं दिलं. सेंटर गेलं आणि आम्ही इथंच राहिलो, तर ते कुणाच्या कामाला आलं? मी म्हणालो, हातानं लिहिलेला चालत नाही. तीन प्रती, संगणकावर छापलेल्या.

असा नियम नव्हता. कधीच नव्हता.

ती हसली. "दिवसभर आमी लोकायला लाइनवर थांबा म्हणतो, आज तुमी आमाला थांबवून राह्यले." आणि गेली.

इतकं मी एखाद्या मित्राला सांगूही शकलो असतो — खोटा नियम कोणत्या कार्यालयात सांगत नाहीत? पण बोलण्याआधी मी घड्याळ पाहिलं होतं. दोनला शहरातली लाइट जायची, सहाला यायची. आमचं कार्यालय पावणेसहाला बंद. ते वेळापत्रक मला पाठ होतं.

तरीही हे पूर्ण नाही.

कारण ती परत आली. पाच पस्तीसला. शहरात टायपिंगचं एकही दुकान चालू नाही म्हटल्यावर ती थेट एमआयडीसीत गेली होती आणि कंपनीविरुद्धचा अर्ज तिनं कंपनीच्याच संगणकावर छापून आणला होता, हे मला नंतर कळलं. खिडकीतून मला ती फाटकातून आत येताना दिसली — हातात कागद, जवळजवळ धावतच. काय करायचं होतं मी? शिक्का मारायचा. एवढंच.

मी शिक्का खिशात घातला आणि अभिलेख कक्षात जाऊन आतून कडी लावली.

बाहेर आमचे शिपाई शेखमामू तिला सांगत होते, "आवकवाले साहेब दिसून नै राह्यले, बेटा." ती म्हणाली, "आत्ता तर खिडकीत होते, मामू." मग दारावर थाप. "काका?" मी रॅकला टेकून उभा. श्वास रोखून — एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीला घाबरून. बदलीची भीती? नव्हती. पैसे? तेही कुणी देऊ केले नव्हते. साहेबांच्या कपाळाला आठी पडू नये, एवढ्यासाठी. दहा मिनिटं. तिनं अजून दोनदा हाक मारली. आवाज न चढवता, फोनवर बोलतात तसा.

सोमवारी फाइलीवर मी लिहिलं, 'हरकत प्राप्त नाही.' सुनावणी झाली नाही. महिन्याभरात सेंटर गेलं. रेखा बियाण्यांच्या कारखान्यात पाकिटं भरायला लागली, असं शेखमामूंनी सांगितलं. माझ्याकडं न बघता.

त्या वर्षी एकही हरकत प्रलंबित नसल्याबद्दल आमच्या कार्यालयाला प्रशस्तिपत्र मिळालं. ते लावायला भिंतीत खिळा ठोकायचा तर बांधकाम विभागाची परवानगी लागते. मी निवृत्त झालो तोवर ती परवानगी आली नव्हती.