वहीचं शेवटचं पान

सर प्रोजेक्टची वही नेहमी मागून उघडायचे.

आम्ही मुली कव्हरवर चमकी चिकटवायचो, कडेने रंगीत टेपची नक्षी काढायचो, आत दुकानातून आणलेली तयार चित्रं डकवायचो. सर त्यातलं काही बघायचेच नाहीत. वही उलटी करायची, शेवटचं पान काढायचं आणि म्हणायचं, "कोणाले विचारलं?"

त्या पानावर दोन गोष्टी लागत. ज्यांना विचारलं त्यांचं नाव, आणि आपण गेलो तेव्हा ते काय करत होते. दुसरी गोष्ट नसली की वही परत. "माणूस काही ना काही करूनच राहते न बाप्पा," सर म्हणायचे. "तुले दिसलं नाही, म्हणजे तू गेलीच नाही."

सर आम्हाला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. रोज कुही गावाहून एसटीने नागपुरात, महाल भागातल्या आमच्या शाळेत यायचे. पुस्तक टेबलावर उपडं ठेवून खिडकीशी उभं राहून शिकवणारे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील, पण आमचे सर खिडकीतून खरोखर बाहेर बघत. एकदा महानगरपालिकेची कामं शिकवताना समोरच्या रस्त्यावर एक माणूस गटाराचं झाकण उचलून आत वाकलेला दिसला. सरांनी धडा थांबवला आणि पहिल्या बाकावरच्या आम्हा दोघींना खाली पाठवलं. "काय करून राहिले, विचारून या."

आम्ही धावत परत आलो. "सर, त्यांची चप्पल पडली आत."

वर्ग खो-खो हसला. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "पाहा. अन् आपल्याले वाटलं सरकारी काम हाय."

वर्षातून एकदा दोन दिवस आमच्या प्रोजेक्टचं प्रदर्शन भरायचं. भिंतीवर वह्या टांगलेल्या आणि समोर खुर्च्यांची रांग. प्रत्येक खुर्चीवर एक चिठ्ठी, ज्यांना विचारलं त्यांच्या नावाची. पानठेलेवाले काका, रामदासपेठेतल्या दवाखान्यातल्या नर्सबाई, शाळेचे चौकीदार, सगळे धुतलेले कपडे घालून पाहुण्यासारखे बसत. निमंत्रण ज्या मुलीने त्यांना विचारलं तिनेच घरी नेऊन द्यायचं, हा सरांचा नियम.

आठवीत माझा विषय होता, आमच्या गल्लीत नळ कसा आला. मी वर्गात बडबडी, पण कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. मग मी घरीच बसले आणि एक शेवंताबाई तयार केल्या. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, साखर वाटली, असं त्यांच्या तोंडून लिहिलं. शेवटच्या पानावर लिहिलं, 'तांदूळ निवडत होत्या.' सर फसणार कसे नाहीत!

सर फसले. त्यांनी ती वही वर्गात मोठ्याने वाचली. तांदळाचं वाक्य तर दोनदा वाचलं. मला लाज वाटायला हवी होती, वाटला तो अभिमान.

आठवडाभराने शेवंताबाईंच्या नावाचं निमंत्रण हातात पडलं. ते मी भूगोलाच्या पुस्तकात दडवून ठेवलं. प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्या खुर्च्या भरल्या, शेवंताबाईंची तेवढी रिकामी. सर दाराशी जाऊन वाट पाहून आले.

"सर, त्या बिमार आहेत," मी म्हटलं.

"मग आपणच जाऊ न. वही घे. त्यायले दाखवू, बरं वाटंल."

गल्लीच्या तोंडाशी माझे पाय थांबले. यापुढे सर माझं काहीच खरं मानणार नाहीत, ही एकच भीती होती. रडत रडत सगळं सांगून टाकलं. सरांनी वही मागून उघडली आणि शेवटचं पान पुन्हा वाचलं.

"तांदूळबी नव्हत्या निवडत?"

"नाही, सर."

इतकं वाईट मला आजवर कुठलंही उत्तर देताना वाटलेलं नाही. सरांनी वही माझ्या हातात दिली. "मंग खरं काय झालं होतं, हे कोणाले ठाऊक असंल? जा, विचार. मी उभा हावो इथं."

समोर इस्त्रीवाल्या मावशींचा ठेला होता. जन्मापासून मी त्यांच्यासमोरून जात होते, पण कपडे देण्याघेण्यापलीकडे कधी बोलले नव्हते. त्या माझाच शाळेचा गणवेश इस्त्री करत होत्या.

"रडून काहून राहिली वं?"

मी नळाचं विचारलं. हळदकुंकवाचंही विचारलं.

"कायचं कुंकू!" मावशींनी इस्त्री उभी केली. "पहिल्या दिवशी असं तांबडं पाणी आलं, साऱ्या बायाइनं बादल्या ओतल्या अन् पुन्हा विहिरीवर गेल्या. कित्येक दिवस त्या नळाले कोणी हात नाही लावला. म्या त कपडे वाळवाची दोरी बांधली होती त्याले!"

मला हसू फुटलं. मग विहीर कुठे होती, ती कोणी बुजवली, दोरी कोणी सोडली, मी विचारतच सुटले. सर तासभर उन्हात उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर मावशी बसल्या. चिठ्ठी सरांनी स्वतः लिहिली. शेवंताबाईंची चिठ्ठी फाडली नाही, मला दिली आणि म्हणाले, "असू दे तुयापाशी." पुढच्या प्रोजेक्टला त्यांनी माझी वही मागून उघडली, "कोणाले विचारलं?" म्हणाले आणि मी सांगितलं ते खरं मानलं. मला ते अजून पुरून उरलंय.

आता मी कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात सर गेल्याचं कळलं आणि त्यांच्यावर लिहायला बसले. वरचं सगळं एका बैठकीत झालं. मग वही उलटी केली आणि अडकले. इतकी वर्षं सर रोज कुहीहून का येत? नागपुरात खोली का नाही केली? हे विचारायचं वेड त्यांना कोणी लावलं? आम्ही अर्ध्या महालाला प्रश्न विचारून आलो होतो. सरांना एकीनेही काही विचारलं नव्हतं. मला फार रडू आलं.

रविवारी कुहीची एसटी धरली. सरांच्या घरी काकू अंगणात बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. त्यांनी बसायला चटई पुढे केली आणि मी काही बोलेन म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या.

"काकू, मला सरांबद्दल विचारायचं होतं."

त्यांचे हात थांबले.

"लय जण येऊन गेले वं पोरी. सारे मलेच सांगून गेले, सर असे होते, सर तसे होते." त्यांनी पदराने डोळे पुसले. "विचारलं कोणीच नाही. विचार न. कुठून सांगू?"

मी वही मागून उघडली आणि आधी लिहिलं, 'तुरीच्या शेंगा सोलत होत्या.'