अर्ध्यावर ऐकलेली दुरुस्ती

बाळांनो, तुमचा अवीमामा गेल्याचं तुम्हाला फोनवरच कळलं. त्याचे शेवटचे दिवस कसे गेले, असं तुम्ही विचारलंत, ते आता लिहिते.

लातूरच्या एका डाळमिलमध्ये तो संगणक सांभाळायचा. घरी आल्यावर त्याचं दुसरं काम सुरू व्हायचं. काळ्या पडद्यावर नुसते शब्द टाइप करून चालणारी काही साधनं असतात; पलीकडचा संगणक उत्तर देतो का, निरोप वाटेत कुठे अडकला, हे ती सांगतात. ती कुणा एकाच्या मालकीची नाहीत. जगभरातून लोक त्यांत बारीकसारीक दुरुस्त्या सुचवतात आणि त्या तपासणाऱ्यांपैकी अवी एक. शेजारचे शिवाप्पाकाका त्याला चिडवायचे, "फुकट करून राहिला, अन् वर लोकांच्या चुका काढतो. सासूच व्हायला पाहिजे होतास तू."

"सासू न वाचता नावं ठेवती, काका. मी वाचून ठेवतो."

मधुमेहाने त्याची नजर गेली, नोकरी सुटली, मग मूत्रपिंडंही थकली. नजर गेल्यापासून लोकांच्या त्या दुरुस्त्या मीच त्याला वाचून दाखवायचे. माझ्या एम.ए.च्या इंग्रजीला त्यातलं काही उमगत नव्हतं. कंस, स्वल्पविराम, मोकळी जागा, सगळं जसंच्या तसं उच्चारायचे. तो पडून ऐकायचा. "थांब आई, ती ओळ परत." बहुतेकदा चूक तिथेच असायची.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, एका परदेशी मुलीची चार ओळींची दुरुस्ती मी वाचत होते. दोन ओळी झाल्या आणि त्याला ग्लानी आली. जरा डोळे उघडले तसं मी विचारलं, "मंजूर करून टाकू का? पहिलंच काम आहे तिचं, वाट बघत असेल."

"न्हाई. अर्धंच ऐकलंय मी."

पुढे तो नीट शुद्धीवर आलाच नाही.

माती दिल्यावर काही दिवसांनी त्या मुलीने अवीला लिहून विचारलं, काही राहिलं आहे का, नसेल तर मंजूर कराल का? बटण कुठे आहे ते मला ठाऊक होतं. तिचं काम झालं असतं, अवीच्या नावावर एक शेवटचं काम चढलं असतं. त्याच्या खोलीत बसून मी उरलेल्या ओळी मोठ्याने वाचल्या. मला त्या बरोबर वाटल्या; पण मला सगळ्याच बरोबर वाटतात.

मी तिला कळवलं, तपासणारा वारला, मी त्याची आई. पहिल्या दोन ओळी त्याने ऐकल्या होत्या. पुढच्या दोन कुणीतरी पाहायला हव्यात.

तिचं सांत्वनाचं उत्तर आलं. दुरुस्ती तशीच पडून आहे. अजून कुणी हाती घेतलेली नाही.